अक्षांश, रेखांश आणि म्हैस

कुठे जायचे हे ठरवण्याच्या आमच्या घरात दोनच रीती आहेत. एक लग्नपत्रिका, दुसरी सौभाग्यवतींचे माहेर. उगाच म्हणून कोणी घराबाहेर पडत नाही. आणि धामणकर नाक्यावर राहणाऱ्या माणसाने का पडावे? पलीकडच्या दुकानातून ब्लेडचे पाकीट आणायचे तरी ट्रक, टेम्पो आणि तीन दिशांनी एकाच जागी येणाऱ्या रिक्षा ओलांडाव्या लागतात. एवढा पराक्रम केल्यावर माणसाला वेगळ्या प्रवासाची हौस उरत नाही.

अशा सुखी संसारात भाच्याचा फोटो आला. भाचा फिनलंडात असतो. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध, पायांना दोन लांब फळ्या बांधून, हातात काठ्या घेऊन तो हसत उभा. मागे पुढे नुसते पांढरे. मी विचारले, "तिथं काय आहे?"

"काही नाही मामा."

"मग गेलास कशाला?"

"आकडा तिथं आला म्हणून."

खुलासा असा. रँडल मन्रो नावाचा एक अमेरिकन व्यंगचित्रकार आहे. 'एक्सकेसीडी' ही त्याची चित्रमालिका. २००८ सालच्या मे महिन्यात त्याने एका चित्रात एक कृती दिली. आजची तारीख घ्यायची, तिच्यापुढे डाऊ जोन्स हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराचा निर्देशांक ज्या आकड्यावर उघडला तो लिहायचा आणि दोन्ही मिळून एमडी-फाइव्ह नावाच्या गणिती चरकात घालायचे. जो रस निघतो त्याच्या पहिल्या अर्ध्यातून अक्षांशाचा अपूर्णांक मिळतो आणि दुसऱ्या अर्ध्यातून रेखांशाचा. आपल्या गावाचे पूर्ण आकडे त्यांच्या आधी लावले, की नकाशावर एक बिंदू उभा राहतो. मग तिथे जायचे. का, हे विचारायचे नाही. जगभर लोक जातात. बिंदू तळ्यात पडला तर उन्हाळ्यात होडीने आणि हिवाळ्यात बर्फावरून.

मी बी. कॉम. उभ्या आयुष्यात एक शेअर घेतला नाही. आणि आता न्यूयॉर्कचा बाजार मला घराबाहेर काढणार! पण त्यात हिशेब होता आणि हिशेब दिसला की मला राहवत नाही. भिवंडीचे आकडे १९ आणि ७३. म्हणजे आमचा चौकोन सुमारे १११ किलोमीटर उंच आणि १०५ किलोमीटर रुंद. ठाणे-मुंबई शेजारच्या चौकोनात. आमच्या वाट्याला कल्याण, तानसा, भातसा, इगतपुरी आणि थेट १,६४६ मीटरचे कळसूबाई.

"कळसूबाईवर आकडा आला तर?" सौ. म्हणाल्या. "गुडघे माझ्या बाबांचे नाहीत तुमचे, की अजून चालतील!"

भारतात राहणाऱ्यांनी आदल्या दिवशीचा डाऊ घ्यायचा असतो. थंडीत तो आपल्या रात्री आठला उघडतो. तेव्हा जानेवारीतल्या चौथ्या शनिवारची सुट्टी धरून, शुक्रवारी रात्री आठला मी आणि चिरंजीव मोबाइलसमोर बसलो. चिरंजीव बारावीत. एरवी आमचे संभाषण "किती मिळाले?" आणि "बघतो" एवढ्यावर आटोपते. त्या रात्री तो आपणहून ओरडला, "बाबा, जवळच! वाड्याच्या रस्त्याला, अंबाडीच्या अलीकडे."

सकाळी निघालो. बर्फाच्या फळ्यांऐवजी पायांत सँडल आणि थंडी म्हणून मफलर. धामणकर नाक्यावर हिवाळा म्हणजे मफलर उन्हाला दाखवून परत कपाटात ठेवायचा काळ. पण फोटोत थंडी दिसायला हवी होती. एस्टीतून उतरलो. भाताची कापणी कधीच उरकली होती. खाचरांतून कापलेल्या धाटांची टोके सँडलमध्ये घुसत होती आणि मधेमधे वालाचे हिरवे तुकडे होते. दीड तास बांधावरून चाललो. चिरंजीव आकडे मोजत होता. "दोनशे मीटर... नव्वद... बाबा, डावीकडे... अकरा..."

अकराव्या मीटरला एक गोठा आडवा आला. बिंदू गोठ्यात होता.

आत एक म्हैस रवंथ करीत होती. तिच्या शेजारी एक खुंटा, एक स्वच्छ गव्हाण आणि रिकामी जागा. चिरंजीव तिथे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हेच ते."

एवढ्यात मागून आवाज आला, "या साहेब, या! मला वाटलंच होतं, कधी ना कधी कोणतरी बघायला येनार."

मी वळलो. पन्नाशीचा माणूस, हातात पेंढ्याची जुडी. त्याने मला ओळखले होते, मी त्याला नाही. काउंटरवर वीस वर्षे काढलेल्या माणसाला चेहरे ओळखू येत नाहीत, कागद ओळखू येतात.

चिरंजीव कानात म्हणाला, "काय सांगायचं? डाऊ जोन्सनं पाठवलं?"

मी काही सांगायच्या आत खुर्ची आली, पाणी आले, गुळाचा चहा आला. माणूस बोलत होता. तक्रार म्हणून नाही, आपले हवापाणी सांगावे तसे. दुसऱ्या म्हशीसाठी कर्ज मागितले होते. पहिल्या खेपेला आठ-अचा उतारा नव्हता म्हणून परत. दुसऱ्या खेपेला सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला नव्हता म्हणून परत. तिसऱ्या खेपेला सगळे होते, पण तुम्ही जेवायला गेला होता. "एक खेप म्हंजे एक दिवस मोडतो ना साहेब. मंग म्हटलं, बोलवतील तवा जाऊ." आठ-अ म्हणताच मला आठवले. त्या उताऱ्यावर चहाच्या कपाचे गोल वर्तुळ होते. कप माझाच.

मी तीन मीटरच्या फरकासाठी दीड तास चाललो होतो आणि त्याचा मला केवढा अभिमान! या माणसाने तीन वेळा नेमका बिंदू गाठला होता. माझे टेबल. दरवेळी मी त्याला बिंदू पुढे सरकवून दिला होता.

"साहेब, जागा बराबर हाय ना?" त्याने खुंट्याकडे बोट दाखवले.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "अगदी मीटरमध्ये बरोबर आहे."

परतीच्या एस्टीत चिरंजीवाने विचारले, "बाबा, तुम्ही खरंच जेवायला गेला होता?" इतक्या वर्षांत प्रथमच तो मला मार्क देत होता. मी म्हणालो, "बघतो."

सोमवारी बघितले. फाइल माझ्याच कपाटात होती. कागद सगळे होते. 'तपासले' या शब्दासमोर एक सही तेवढी नव्हती. ती माझी. सही करून फाइल साहेबांकडे नेली. पुढचे सगळे नियमाप्रमाणे झाले आणि नियमाइतकाच वेळ घेऊन झाले.

भाच्याला फोटो पाठवला होता. त्याचे उत्तर आले, "मस्त! पण मामा, फोटोत बघण्यासारखं काय आहे?"

मी कळवले, "म्हैस नाहीये, ती बघ."

एप्रिलमध्ये आम्ही बापलेक आकड्याशिवायच पुन्हा गेलो. चिरंजीवाला नेमका फोटो हवा होता, पण जमले नाही. त्या बिंदूवर आता उभे राहता येत नाही. तिथे म्हैस बसलेली असते.