दोनशे मिनिटांची वाटणी

इंदूर सोडून मला बरीच वर्षं झाली. आता राहते ते कनेटिकट हे अमेरिकेतलं लहानसं राज्य. इथे सर्वांत जास्त कौतुक आहे ते इथल्या विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचं. लोक त्याला नुसतं 'यूकॉन' म्हणतात. आपल्या सराफ्यात रात्री क्रिकेटवर गप्पा रंगतात ना, तशा इथे थंडीच्या दिवसांत या मुलींच्या गुडघ्यांवर रंगतात. हो, गुडघ्यांवरच!

पेज ब्युकर्स ही इथली लाडकी खेळाडू. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, २०२१ मध्ये, ती देशातली सर्वोत्तम ठरली. त्याच वर्षी ५ डिसेंबरला यूकॉनने नोटर डेमला ७३-५४ असं हरवलं. शेवटचं मिनिट चालू होतं, सामना केव्हाच हातात आला होता, तरी पेज कोर्टावर होती. चेंडू पुढे नेताना, कोणाचा धक्काही न लागता, तिचा डावा गुडघा दुखावला. हाडाला फ्रॅक्चर निघालं, शस्त्रक्रिया झाली, आणि ती अडीच महिन्यांहून अधिक काळ बाहेर बसली.

प्रशिक्षक जिनो ऑरिएमा यांच्यावर तेव्हा टीका झाली. जिंकलेल्या सामन्यात तिला ठेवलंच कशाला? मला ही टीका अर्धीच पटते. असा गुडघा पहिल्या मिनिटालाही जाऊ शकतो. पण एकोणीस गुणांची आघाडी असताना ते मिनिट बाकावरच्या एखाद्या मुलीला मिळालं असतं, तर तिला ते जन्मभर पुरलं असतं.

हिशेब सोपा आहे. सामना चाळीस मिनिटांचा, कोर्टावर पाच जणी. म्हणजे प्रशिक्षकाच्या हातात दोनशे मिनिटं. ती कोणाला किती वाटायची, हेच त्याचं खरं काम. दोघी जायबंदी झाल्या की त्यांची मिनिटं उरलेल्यांच्या पायांवर पडतात. दमलेल्या पायांनी उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो, आणि मग तिसरीची पाळी येते.

ऑगस्ट २०२२ मध्ये पेजच्या त्याच गुडघ्याचा ए.सी.एल. हा अस्थिबंध तुटला आणि अख्खा हंगाम गेला. त्या हंगामात अॅझी फडसकट इतर मुलीही आलटून पालटून दुखावत होत्या. शेवटी ८ जानेवारी २०२३ चा डीपॉलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. शिष्यवृत्तीवरच्या निदान सात मुली खेळण्याजोग्या हव्यात, असा त्यांच्या बिग ईस्ट गटाचा नियम आहे आणि यूकॉनकडे तेवढ्या उरल्या नव्हत्या. एवढा नावाजलेला संघ, पण 'पाच आहेत ना, उतरवा!' असं कोणी म्हटलं नाही. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये अॅझीचाही ए.सी.एल. तुटला. एप्रिल २०२५ मध्ये दोघी एकत्र उतरल्या आणि यूकॉनने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं हरवून विजेतेपद घेतलं.

इथल्या कॉलेज क्रीडा संघटनेचा एक नियम मला फार आवडतो. दुखापतीनंतर खेळाडू कधी परतणार, हा शेवटचा शब्द संघाच्या डॉक्टरांचा आणि प्रशिक्षित उपचारकांचा; प्रशिक्षकाला तो फिरवता येत नाही. खेळाडूला विचारून उपयोग नसतो. ती 'मी बरी आहे' असंच म्हणणार! माझी लेक इथे शाळेच्या संघात आहे. घोटा मुरगळला तेव्हा शाळेच्या उपचारकबाईंनी तिला दोन आठवडे बसवलं, आणि तिने रडून घर डोक्यावर घेतलं. मी मात्र रोज संध्याकाळी निवांत चहा प्यायले.

आमच्या वेळी इंदूरच्या सिमेंटच्या कोर्टावर हळद-तेल आणि पट्टी एवढाच इलाज होता. संघात बारा जणी, खेळणाऱ्या सहा-सात. बाकीच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. (मी त्यातलीच!)

पालकांना हे मुद्दाम सांगते. ए.सी.एल.ची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने सामना खेळू नये. घाई केली तर पुन्हा तुटण्याचा धोका बराच वाढतो. उलट, सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं नीट उडी मारून गुडघे सरळ रेषेत ठेवून उतरणं, एका पायावर तोल सांभाळणं, असे व्यायाम केले तर हा धोका खूप कमी होतो. त्याला पैसे लागत नाहीत.

विश्वस्तांना एकच विनंती. आंतरशालेय स्पर्धेत आपल्या गुणलेखकाशेजारी एका मुलीला वही देऊन बसवावं. कोण किती मिनिटं खेळली, एवढंच तिने लिहायचं. पहिल्या वर्षाची वही मी पाठवते.