सासूबाईंचा दुभाषी

घरात दोन्ही भाषा येणारी सून असताना पैसे मोजून दुभाषी कशाला, असं माझ्या इटालियन सासूबाईंचं म्हणणं होतं. लिस्बनमधला त्यांचा फ्लॅट त्यांना एकुलत्या मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नावावर करायचा होता. हयात असेपर्यंतचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवून. वय ७८, पोर्तुगीज येते ती भाजीबाजारापुरती.

पोर्तुगालमधला नोटरी म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नव्हे. तो दस्त मोठ्याने वाचतो, समजावून सांगतो, मग सह्या होतात. ज्याला पोर्तुगीज कळत नाही त्याची भाषा नोटरीलाही येत नसेल, तर त्याने स्वतः निवडलेला दुभाषी लागतो. तो आधी शपथ घेतो. नवरा-बायको, मुलगा, सून, भावंडं चालत नाहीत. मला हा नियम पटला. फ्लॅट शेवटी आमच्याच घरात येणार होता. त्यांच्या वतीने मी कशी बोलणार?

पण माणूस शोधायचा कसा? ब्राझीलमध्ये सरकारदरबारी नोंद असलेले शपथबद्ध भाषांतरकार असतात, पोर्तुगालमध्ये तशी व्यवस्था नाही. म्हणजे पाटी बघून निवडायची सोय नाही. मी तिघांना फोन केले आणि एकच प्रश्न विचारला: 'उझुफ्रुत्तो' आणि 'अबितात्सिओने' यांत फरक काय?

फरक मोठा आहे. पहिल्यात घरात राहता येतं, किंवा ते भाड्याने देऊन भाडं घेता येतं. दुसऱ्यात फक्त स्वतः आणि कुटुंबाने राहायचं. भाड्याने देता येत नाही. दोन्ही देशांत हेच, आणि शब्दही जुळ्या भावंडांसारखे.

पहिला टूरिस्ट गाइड होता, इटालियन फर्डं. म्हणाला, "दोन्हींचा अर्थ एकच, घरात राहणं." दुसरीने आधी दर सांगितला. तिसरी कोर्टात काम करणारी. ती म्हणाली, "आधी मसुदा पाठवा, मग बोलू." तिलाच घ्या, असं मी सासूबाईंना सुचवलं. त्या तिच्याशी फोनवर अर्धा तास बोलल्या, मग हो म्हणाल्या.

मसुद्यात 'अबितासांव' लिहिलं होतं. नोटरीसमोर तिने ते जसंच्या तसं इटालियनमध्ये सांगितलं. मलम लावलं नाही, सल्ला दिला नाही. सासूबाईंनी विचारलं, "उद्या मी बहिणीकडे बेर्गामोला राहायला गेले, तर हे घर भाड्याने देता येईल?" प्रश्न तसाच पलीकडे गेला, उत्तर तसंच अलीकडे आलं: नाही.

सासूबाईंनी पेन खाली ठेवलं.

नवरा पटकन म्हणाला, "मम्मा, तू माग ना, आम्ही पैसे देऊच की." त्यांनी त्याच्याकडे प्रेमानेच बघितलं, आणि दुभाषी बाईंना सांगितलं, "नोटरींना सांगा, मला मागायचं नाहीये."

दस्त बदलला. आठवड्याने सह्या झाल्या. सून म्हणून मी तिथे असते, तर ते वाक्य बहुतेक थोडं मऊ करून सांगितलं असतं.