जेवणानंतरचे दोन तास

कुत्र्याला मोजून खायला घालायची आपल्याकडे रीत नाही. पोळीचा शेवटचा चतकोर, चहात बुडवलेलं बिस्कीट, पातेल्याच्या बुडाशी राहिलेला भात, हे सगळं त्याचंच. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट ऐकत आमची पिढी वाढली. त्या घरात ठमीसाठी स्वयंपाकाच्या ओट्यावर वजनकाटा आला, तेव्हा आईने त्याच्याकडे चक्क पाठ फिरवली. ‘मुक्या जिवाचा घास मोजायचा?’ एवढंच म्हणाली.

ठमी गावठी. तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला. पावसाळ्यात माजावर येऊन गेली आणि नंतरच्या आठवड्यांत तिचं पाण्याचं भांडं सारखं रिकामं होऊ लागलं. खाणं वाढलं, अंग मात्र उतरलं. रात्री बाहेर जायला मिळालं नाही की गॅलरीत लघवी व्हायची, आणि सकाळी त्या जागी मुंग्यांची रांग. मधुमेहाचं हे मुंग्यांचं लक्षण आपल्या जुन्या वैद्यांनी केव्हाच लिहून ठेवलं आहे. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि इन्सुलिनबरोबरच नसबंदीचंही सांगितलं. माजानंतर मादीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन चढं राहतं, त्यामुळे ग्रोथ हार्मोन वाढतं, आणि मग इन्सुलिनचं शरीर ऐकेनासं होतं.

तेव्हापासून आमच्या घराला दोन सात वाजतात, सकाळचे आणि संध्याकाळचे. आधी जेवण, मग सुई. जेवलीच नाही तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना फोन. दुधाळ इन्सुलिनची बाटली तळव्यांत हलकेच घोळवायची. बाटली ४० युनिटची, तर सिरिंजही ४० चीच, लाल टोपणाची. मानेमागची, पाठीवरची सैल कातडी चिमटीत धरायची. ठमीला सुईचं काहीच वाटत नाही. तिचं लक्ष वाडगा खरंच संपला का, याकडे.

खरी गोष्ट सुरू होते ती त्यानंतर. सकाळची घाई पांगते, कुकर निवतो, ठमी उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडते. बाहेरून सगळं स्वस्थ, आणि आत मात्र साखर जिना चढत असते. घास पोटातून लवकर उतरतो. कातडीखालचं इन्सुलिन आपल्या चालीने, सावकाश रक्तात पोचतं. दोघांची गाठ पडेपर्यंतचा हा वेळ. कानाच्या कडेला बारीक टोचून एक थेंब पट्टीवर घेतला की आकडा दिसतो: २८०, कधी ३१०. साधारण २०० च्या आसपास मूत्रपिंडांचा बांध फुटतो. साखर लघवीत उतरते, जाताना पाणी ओढून नेते, आणि उंबऱ्यावरून उठून ठमी भांड्याकडे जाते. लपलप किती वेळ चालली, यावरून आई आता मीटरच्या आधी अंदाज सांगते. माणसांचं मीटर कुत्र्याच्या रक्तात बहुधा थोडं कमीच दाखवतं, हे धरलं तर आईचा कान मला जास्त भरवशाचा वाटतो.

तो चढलेला आकडा पाहून हात शिवशिवतात. एक युनिट जास्त दिलं तर? डॉक्टरांनी यावर कडक शब्दांत बजावलं आहे: जेवणानंतरच्या एका आकड्यामागे धावायचं नाही. जेवणापासून जेवणापर्यंत, दर दोन तासांनी साखर मोजून अख्ख्या दिवसाची रेघ काढायची आणि ती सर्वांत खाली कुठे जाते ते बघायचं. मात्रा ठरते ती त्या तळावरून, आणि ठरवतात तेच. कारण चढलेली साखर दिवसभराने कुत्रं मारत नाही. फार उतरलेली काही तासांत मारू शकते. थरथर, झोकांड्या, शून्य नजर दिसली की हिरड्यांना मध चोळायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. मधाची बाटली म्हणूनच फ्रीजवर समोर असते. मधुमेह्याच्या घरात मधच रखवालदार, हा विनोद आईला अजून पटलेला नाही.

चढ सौम्य करायचा तो ताटातून. पांढरा भात जवळजवळ गेला, गूळ-बिस्किटं पूर्ण गेली. उकडलेली कोंबडी, दुधी, फरसबी. चोथ्याने अन्नाची वाट संथ होते, साखर थोडीथोडी रक्तात येते. तूप बंद, कारण स्वादुपिंड सुजलं तर सगळा मांडलेला हिशेब उधळतो. आणि रोज तेच, तेवढंच, त्याच वेळी. फिरणंही तेवढंच.

भात काढताना मला उगाच अपराधी वाटलं होतं. लांडग्यात पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, कुत्र्यात चारापासून तीसपर्यंत. म्हणजे आपल्या उष्ट्यावर जगता जगता ही जात आपलं अन्न पचवायला शिकली. देणं त्यांचंही आपल्यावर आहेच. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि मधुमेहाचं मूळ सापडलं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी अर्क टोचला तोही कुत्र्यांनाच. त्यांतली मार्जोरी प्रसिद्ध झाली. पुढच्याच जानेवारीत तो माणसाच्या मुलाला मिळाला. ठमीला आज माणसांचं इन्सुलिन देताना मी उपकार करतोय असं मला वाटत नाही.

तिच्या डाव्या डोळ्यात निळसर ढग उतरला आहे. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना दीडएक वर्षात मोतीबिंदू गाठतो, साखर कितीही सांभाळली तरी. त्याबद्दल मी फार बोलत नाही. फर्निचर हलवलेलं नाही, एवढंच.

सर्वांत अवघड ठरले ते खालच्या मजल्यावरचे अण्णा. त्यांच्या खिशात कायम बिस्कीट. ‘एकाने काय होतंय?’ हा त्यांचा प्रश्न, आणि गणपतीत तर मोदक. नको म्हटलं की ते दुखावायचे, ठमी त्यांच्या दाराशी बसून राहायची. शेवटी तोड आईनेच काढली. ठमीच्या मोजलेल्या वाडग्यातून कोंबडीचे चार तुकडे बाजूला ठेवायचे, अण्णांनी सातला वर येऊन ते हाताने भरवायचे. आता अण्णा सातला पाच कमी असतानाच बेल वाजवतात, आणि आई काट्यावर तुकडे पुन्हा एकदा ठेवून बघते, अण्णांना दिसेल असे.