किलपेकचा लाल दगड

हेरिफर्ड, रविवार रात्र

तीर्थस्वरूप मामांस,


गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं दगड कसला हाय गं?" आणि मी नुसतं "लाल" म्हणून गप्प बसले. फोन ठेवला आणि फार वाईट वाटलं. तुमच्या अंगणात दगडाच्या कपच्यांवर खेळून मी वाढले, जात्याला टाकी लावताना तुमच्या शेजारी बसून राहायची, आणि पाच वर्षं ज्या गावात राहते तिथला दगड मला सांगता येऊ नये? म्हणून काल सुट्टी होती तर मुद्दाम किलपेकला गेले. इथून चौदा-पंधरा किलोमीटरवर, वेल्सच्या सीमेकडे, अगदी छोटं खेडं आहे. तिथलं चर्च दगडातल्या कोरीव चेहऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तुम्हाला इथे आणणं आता जमायचं नाही, म्हणून जे पाहिलं ते जमेल तसं लिहिते.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हा वाळूचा दगड आहे, लाल वालुकाश्म. चाळीसएक कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी वाळू आणि गाळ आणून टाकला, थरावर थर बसले आणि त्याचा दगड झाला. लोखंडाच्या गंजाने तो तांबडा दिसतो. इथली शेतंही त्याच रंगाची, नांगरलेलं रान गेरूने सारवल्यासारखं दिसतं. तुमचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसातून आला, त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. म्हणजे हा लाल दगड वयाने कितीतरी थोरला, पण अंगाने मऊ. त्याच्यावर छिन्नी भराभर चालत असणार. मात्र त्याला पानं असतात, वहीला असतात तशी. जमिनीत जसा आडवा निजलेला होता तसाच भिंतीत आडवा बसवायचा. उभा लावला तर पाणी पानांत शिरतं, थंडीत गोठतं आणि पापुद्रे सुटतात. तुम्ही घाव घालण्याआधी हातोडीने दगड वाजवून बघायचात, खणखणीत की बद्द. इथल्या कारागिराला त्याच्या जोडीला दगडाची निजण्याची बाजूही ओळखावी लागत असेल.

चर्च लहानसंच. लोकांनी बसायचा भाग, त्यापुढे पाद्रीबाबांचा, आणि शेवटी अर्धगोल. मागे एका टेकाडावर किल्ल्याच्या भिंतीचे दोन-तीन तुकडे उभे आहेत. ह्यू नावाचा नॉर्मन सरदार इथे राहत होता. ११३४ मध्ये त्याने इथलं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला देऊन टाकलं आणि आज दिसतं ते बांधकाम ११४० च्या आसपासचं. सरदाराचं नाव राहिलं, मठाचं राहिलं. ज्यांनी दगड घडवला त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठे नाही. अभ्यासक त्यांना हेरिफर्डशर घराणं म्हणतात, कारण आसपासच्या चर्चांतही त्याच हातांची वळणं सापडतात. मला हा शब्द आवडला. गाण्यातलं घराणं जसं नाव न सांगता दोन तानांत ओळखू येतं, तसंच हे.

आता मुख्य गोष्ट. छपराची कड जिथे भिंतीवर टेकते तिथे भिंतीतून दगड बाहेर आलेले आहेत, वीत-दीड वीत अंतरावर, सबंध इमारतीभोवती. त्यांना कॉर्बेल म्हणतात. काम एवढंच, वरचा भार झेलायचा. साधे चौकोनी ठोकळे लावले असते तरी छप्पर राहिलं असतं. पण इथे प्रत्येक दगडाला तोंड दिलंय. आज ८५ शिल्लक आहेत. मेंढा आहे, क्रूस घेतलेलं कोकरू आहे, एक जण सारंगीसारखं वाद्य वाजवतोय, दोन माणसं एकमेकांना कवटाळून उभी आहेत. ती कुस्ती की नाच, हे अजून कुणी ठरवू शकलेलं नाही. कित्येक प्राणी तर कुठल्याच रानात नसतील असे.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती कुत्रा आणि ससा यांच्या खाली. एकाच दगडातून दोघं बाहेर डोकावतात, खांद्याला खांदा लावून. शिकार करणारा आणि शिकार होणारा, आणि दोघांच्या चेहऱ्यावर भीती नाही की राग नाही. डोळे मोठे, वाटोळे, भोवती एक कंगोरा ठेवून आतला गोल उचललेला. कुत्र्याचा कान खाली पडलाय आणि कानाच्या मुळाशी एक खोल खाच आहे. ती खाच नसती तर खालून पाहताना कान डोक्यात मिसळून गेला असता. म्हणजे दगड जमिनीवर मांडीशी घेऊन कोरताना कारागिराला ठाऊक होतं की हा पुरुषभर उंचीच्याही वर जाणार आहे, आणि पाहणारा मान वर करून पाहणार आहे. मामा, तुम्ही देवळाच्या शिखराखालचा चेहरा घडवताना त्याचं नाक जरा जास्तच पुढे काढलं होतंत. मी म्हटलं होतं, हे बेढब दिसतंय. तुम्ही म्हणालात, "वर गेल्यावर बघ." काल मला ते आठवलं आणि तिथेच गवतात उभ्या-उभ्या डोळे भरून आले.

एक शिल्प सांगताना लेखणी अडखळते, पण तुमच्यापासून ते लपवणं बरोबर नाही. अर्धगोलाच्या बाजूला एक बाई आहे. टकलं मोठं डोकं, टपोरे डोळे, आणि दोन्ही हातांनी तिने आपली योनी फाकवून दाखवली आहे. अशा शिल्पांना इथे आणि आयर्लंडमध्ये शीला-ना-गिग म्हणतात. कोणी म्हणतं वासनेपासून सावध करायला, कोणी म्हणतं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून, कोणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून. जॉर्ज रॉबर्ट लुईस नावाच्या चित्रकाराने १८४२ मध्ये किलपेकच्या शिल्पांची चित्रं छापली. त्याने तिला बाई म्हणून काढलंच नाही. छाती चिरलेला एक खुळा माणूस काढला आणि त्याचं हृदय सगळ्यांना उघडं आहे असा अर्थ लावला. एरवी त्या माणसाने फार मेहनतीने काम केलंय, मला त्याच्याबद्दल आदर आहे, पण समोरचा दगड स्पष्ट सांगत असताना त्याच्या हाताने वेगळंच काढलं. मला लगेच लज्जागौरी आठवली. पण दोघींना बहिणी म्हणायला मन घेत नाही. लज्जागौरीला डोक्याच्या जागी कमळ असतं, ती पूजेची देवी. हिला चेहरा आहे, ती छपराचा भार झेलतेय, आणि सरळ आपल्याकडे बघतेय. मी रोज प्रसूतीच्या वॉर्डात काम करते. मला तिच्यात अश्लील काही दिसलं नाही, भीतीही वाटली नाही. तिने डोळे मिटलेले नाहीत, याचंच बरं वाटलं.

लोक तिथे येतात आणि प्रत्येक चेहऱ्याखाली "याचा अर्थ काय" विचारतात. मीही विचारला. पण दुपारभर फिरल्यावर वाटलं, अर्थ सगळे विचारतात, हात कोणी विचारत नाही. कुठला घाव आधी पडला, कुठे दगड फुटायला आला असताना सावरून घेतला, कुठल्या चेहऱ्याला गुरूचा हात लागलाय आणि कुठला नव्या पोराला दिलाय. तुम्ही असता तर हे सगळं वाचून दाखवलं असतंत.

त्याच काळात फ्रान्समध्ये बर्नार्ड नावाच्या मठाधिपतीने अशा कोरीवकामाविरुद्ध लिहिलं होतं, ११२५ च्या सुमारास. त्याचा रोख मठांच्या ओसऱ्यांवर होता. माकडं, सिंह, अर्धे माणूस अर्धे जनावर यांची यादी देऊन तो विचारतो, ध्यान करणाऱ्या साधूंपुढे हे कशाला, आणि निदान खर्चाची तरी चाड बाळगा. त्याचं म्हणणं मला पटतं, भुकेल्याच्या दारात सोन्याचं काम शोभत नाहीच. पण एवढी बारीक यादी देणारा माणूस त्या दगडांपुढे बराच वेळ उभा राहिला असणार, हेही खरं.

किलपेकचं दक्षिणेकडचं दार तर किती सांगू. कमानीखालच्या अर्धगोल दगडावर द्राक्षांनी लगडलेला वेल आहे, त्याला जीवनवृक्ष म्हणतात. कमानीवर चोचीची तोंडं, मासे, पक्षी. डावीकडच्या खांबावर वेलीत गुरफटलेले दोन योद्धे, अंगात विजार, कपड्यांवर दोऱ्या ओढल्यासारख्या चुण्या. उजवीकडच्या खांबाच्या माथ्यावर एक तोंड, त्यातून पानांचे वेल बाहेर पडतात. आपल्या देवळांच्या दारावरचं कीर्तिमुख बघावं तसं मी त्याच्याकडे बघत राहिले. पश्चिमेच्या भिंतीतून सर्पांची डोकी आ वासून बाहेर आली आहेत, जीभ वळवून गुंडाळलेली. ती पाहताना उत्तरेकडच्या समुद्री लोकांच्या लाकूडकामाची आठवण होते असं जाणकार म्हणतात. आत कमानीच्या खांबांवर संत एकावर एक उभे आहेत. तसं काम स्पेनमध्ये सांतियागोच्या देवळात आहे. इथून जवळच शॉबडनचं चर्च ज्याने बांधवलं तो ऑलिव्हर नावाचा कारभारी सांतियागोची यात्रा करून आला होता. पंढरीहून येणारा माणूस तुळशीमाळ आणतो, याने बहुधा कोरीवकामाची तऱ्हा आणली.

त्या शॉबडनचं ऐकून जीव तुटतो. १७५० च्या दशकात तिथल्या जहागीरदाराने जुनं चर्च पाडलं, नवीन बांधलं, आणि जुन्या कोरीव कमानी नेऊन टेकडीवर शोभेला उभ्या केल्या. वर छप्पर नाही. किलपेकच्याच घराण्याचं काम, तसाच मऊ दगड, पण अडीचशेहून अधिक पावसाळे अंगावर. आज तिथे चेहरे उरलेले नाहीत, नुसते उंचवटे आहेत. किलपेकच्या तोंडांना वरच्या वळचणीने वाचवलं. ती तोंडं छपराचा भार झेलत होती आणि छप्पर त्यांच्यावर सावली धरून होतं.

एक गंमत तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. रोल्स्टन नावाचं दुसरं खेडं आहे, तिथल्या चर्चमध्ये याच घराण्याचं काम. कमानीच्या एका बाजूला संत आणि देवदूत नीट उभे आहेत, दुसऱ्या बाजूला तेच खाली डोकं वर पाय. चर्च संत पीटरचं आहे, आणि पीटरला उलटं क्रूसावर चढवलं अशी श्रद्धा आहे, म्हणून मुद्दाम तसं केलं असं काहीजण म्हणतात. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, "चिरा उलटा बसला, आणि मुकादमाच्या ध्यानात यायच्या आत चुना वाळला." मला खरंच ठरवता येत नाही.

किलपेकचे बारा फोटो मोठे छापून पाठवतेय. मागे नंबर घातलेत, आणि मामीला सांगून ठेवलंय की ते तुम्हाला उन्हात दाखवायचे, ट्यूबलाईटखाली नाही. सात नंबरचा कुत्रा-ससा आहे. कुत्र्याच्या कानापासून छातीकडे एक रेघ उतरते. मला वाटतं ती छिन्नीची आहे, पण पाण्याने केलेलीही असू शकेल. बघून कळवा. हात थरथरतो म्हणून लिहू नका, फोनवर सांगा. बुधवारी माझी रात्रपाळी नाही.

तुमची भाची