बचावाची प्रतिभा

बुद्धिबळाच्या पटावर चढाई करणाऱ्याला जी वाहवा मिळते, ती बचाव करणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते. वजिराचा बळी देऊन मात करणारा वीर वर्षानुवर्षे स्मरणात राहतो; आणि प्रतिपक्षाची मसलत अंकुरण्यापूर्वीच ओळखून ज्याने तिचा मुकाट्याने बंदोबस्त केला, त्याचा डाव मात्र नीरस ठरतो. हा अन्याय ज्याने फार सोसला, त्या तिग्रान पेत्रोस्यानविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे.

१९२९ साली तिबिलिसीत एका आर्मेनियन कुटुंबात जन्मलेला हा मुलगा युद्धकाळात पोरका झाला, पोटासाठी त्याने रस्ते झाडले, आणि त्याच दिवसांत बुद्धिबळपटू निम्झोवित्शच्या ग्रंथाची पारायणे करून संकटाची वाट आधीच अडवावी हा त्याचा सिद्धान्त आत्मसात केला. १९५३ साली झुरिकच्या स्पर्धेत प्रतिस्पर्धी रेशेव्स्कीची मधली प्यादी जोडीने पुढे सरकण्याच्या बेतात असता, पेत्रोस्यानने २५व्या खेळीला आपला हत्ती शांतपणे अशा घरात ठेवला की पांढऱ्या उंटाने तो खुशाल घ्यावा. हत्ती गेला, पण त्याने रिकाम्या केलेल्या घरातून घोडा निघाला आणि त्या प्याद्यांच्या ऐन तोंडावर असा ठाण मांडून बसला, की सारी चढाई जागच्या जागी थिजली, आणि अवघ्या पाच खेळ्यांत रेशेव्स्कीलाच एका उंटासाठी आपला हत्ती द्यावा लागला. डाव बरोबरीत सुटला. हरण्याच्या वाटेवरचा डाव असा सावरणे हेही कर्तृत्वच होय.

अशा बचावातून विजय कसा निपजतो, याचे मर्म प्याद्याच्या स्वभावात आहे. इतर सर्व मोहरे माघार घेऊ शकतात, प्याद्याला ती मुभा नाही. म्हणून अधीर झालेला आक्रमक आपली प्यादी पुढे रेटतो, तेव्हा त्यांच्यामागे उघडी पडलेली घरे डाव संपेपर्यंत उघडीच राहतात, आणि ज्याने तोवर आपल्या मुलखात एकही कच्चा दुवा राहू दिलेला नसतो, त्याला त्या घरांत प्रवेश करण्यासाठी केवळ योग्य वेळेची वाट पाहावी लागते. १९६२ साली कुरासाव बेटावरील स्पर्धेत पेत्रोस्यान २७ डाव खेळला, त्यांपैकी ८ जिंकला, १९ बरोबरीत सोडवले आणि हरला एकही नाही. जगज्जेत्याला आव्हान देण्याचा हक्क त्याने असा मिळवला. पुढल्या वर्षी मॉस्कोत जगज्जेत्या बोत्विनिकविरुद्धचा पहिलाच डाव गमावूनही त्याने धीर सोडला नाही, आणि १२½–९½ अशा गुणांनी तो जगज्जेता झाला.

बचावाला भित्रेपणा समजणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात घ्यावेत. दुसऱ्याच्या मनातील हेतू त्याच्याइतक्याच स्पष्टपणे पाहणे, ही दुर्मिळ प्रतिभा आहे. नव्या खेळाडूंनी म्हणूनच पेत्रोस्यानचे बरोबरीचे डावही पटावर मांडून पाहावेत, आणि मोहऱ्याला हात घालण्यापूर्वी समोरच्याला काय हवे आहे, हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा.