तुळशीवरचं लुगडं

पहाटे पारा ५ अंशांवर. निफाडला याचं नवल नाही. काल तिन्हीसांजेला तुळशीभोवती चार काठ्या रोवून आईचं जुनं सुती लुगडं टाकलं, पानांना न टेकवता. गेल्या वर्षी हौसेनं प्लॅस्टिक गुंडाळलं होतं; जिथं ते चिकटलं तिथंच पानं काळी पडली. कढीपत्त्याची कुंडी दक्षिणेच्या भिंतीलगत सरकवली. दिवसभर तापलेल्या विटा रात्री ऊब सोडतात. शेजारच्या द्राक्षबागेत शेकोट्या धुमसतायत, वेलींना विहिरीचं कोमट पाणी सोडलंय. (धुरानं माझं नाक मात्र गळतंय.) तुळशीला पाणी मी ऊन आल्यावरच घालते, तेही बेताचं. नऊ वाजता लुगडं काढलं. शेंड्याची दोन पानं गेली. बाकी झाड हिरवं आहे.