यादीतलं नाव

माझी एक आर्किटेक्ट मैत्रीण आहे, प्रदर्शनं डिझाइन करते. सध्या तिच्याकडे एका संग्रहालयाचं काम आलंय. निवडणूक आणि मतदान म्हणजे काय, हे शाळकरी मुलांना समजावणारं दालन. त्यातलं टचस्क्रीन वगैरे "तू बघ ना गं" म्हणून माझ्या गळ्यात पडलंय. (कम्प्युटरवाली मैत्रीण असण्याचे फायदे!) त्यामुळे गेले तीन शनिवार मी हेच करतेय.

दाखवण्यासारखं भरपूर आहे. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. पेटीवर त्याचं चिन्ह.. बैलजोडी, झाड, झोपडी. मतपत्रिकेवर काही खूण करायची नाही, नुसती हव्या त्या पेटीत टाकायची. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, अशा देशासाठी हा यूजर इंटरफेस! मानलं बुवा. पुढे मतपत्रिकेवर शिक्का आला, 1962 पासून म्हैसूरची शाई आली, 1982 मध्ये केरळातल्या परवूरला पहिल्यांदा यंत्र वापरलं गेलं, 2004 च्या लोकसभेला देशभर यंत्रंच होती. आता तर व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. मुलांनी बटण दाबलं, 'बीप' वाजला, की झाली लोकशाही समजून!

पण बटण ही शेवटची पायरी. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याआधी लॉगिन लागतं. यादीत नाव.

पहिल्या निवडणुकीची यादी करताना घरोघरी बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, बस्स. सुकुमार सेन, आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त, यांनी ठरवलं की अशा नोंदी चालणार नाहीत. शेवटी जवळजवळ 28 लाख बायकांच्या नोंदी काढून टाकाव्या लागल्या. त्यातल्या बहुतेक सगळ्या बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश इकडच्या.

म्हणजे आपण सुटलो? आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहायचे. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं. यादीत होती ती, पण सासरी मिळालेल्या नावाने.

तर माझी आयडिया अशी. दारातच प्रत्येक मुलाला नावाची चिठ्ठी द्यायची आणि आत सगळ्यांनी मत द्यायचं. तेव्हा देशात साधारण 8 कोटी बायका मतदार होत्या, त्यातल्या 28 लाख म्हणजे दर 28-29 जणींमागे एक. साठ जणांच्या वर्गात तीस मुली धरल्या, तर एक. त्या एकीच्या चिठ्ठीवर फक्त 'अमक्याची मुलगी'. तिला मत नाही.

मैत्रीण उखडली. "एकट्या पोरीला बाजूला उभं करायचं? रडेल ती. आकडा भिंतीवर लिही ना!"

तिचं चूक नाहीये. दहा-अकरा वर्षांची पोर सहलीला येणार आणि आम्ही तिला इतिहास शिकवायला वगळणार. पण भिंतीवरचा 28 लाख कोण वाचतं हो? दोन शून्यं कमी-जास्त झाली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. वर्गातली एक मात्र सगळ्यांना दिसते.

बऱ्याच वादानंतर आम्ही इथवर आलोय. निकाल लागल्यावर तिला टेबलाशी बोलवायचं, नाव विचारायचं. ती मोठ्याने सांगेल, आम्ही ते यादीत लिहू, बोटाला शाई लावू आणि दुसऱ्या फेरीत पहिलं मत तिचं. पहिला निकाल मात्र बदलायचा नाही. तो तिच्याशिवायच लागलेला असेल, भिंतीवर तसाच राहील.

मैत्रीण अजून 'बघू' म्हणतेय. मी प्रोग्रॅम लिहून ठेवलाय. अवघड काहीच नव्हतं त्यात. साठातून एक नाव गाळायला एक ओळ पुरते.